तुटक रेघेचा रस्ता

सगळ्यांनी मिळून नकाशा काढायचा म्हटलं की भांडण रेघेवरून होत नाही. रेघेला काय म्हणायचं यावरून होतं. २००४ साली स्टीव्ह कोस्ट या इंग्रज गृहस्थाने ‘ओपनस्ट्रीटमॅप’ सुरू केला. कुणीही खातं उघडावं आणि आपल्या गल्लीची रेघ ओढावी, असा हा जगाचा नकाशा. रेघ ओढायला हात पुरतो. ती कसली आहे हे सांगणारे टॅग लावताना माणसाचा कस लागतो. द्रुतगती महामार्गाला ‘हायवे’चा टॅग, हे समजू शकतं. पण इथे बैलगाडीची पांदणही ‘हायवे’च्याच खात्यात जमा होते आणि गडावर जाणारी पायवाटसुद्धा. पुढे पोटप्रकार लिहायचा, एवढंच. आपल्याकडे हे नवं नाही. कागदावर महामार्ग आणि पायाखाली पांदण, हा अनुभव आपण टॅगशिवायच घेत आलो आहोत.

माझा जीव जडला आहे तो ‘स्मूदनेस’ या टॅगवर. रस्ता किती गुळगुळीत, हे सांगायला त्यात आठ पायऱ्या आहेत : उत्कृष्ट, चांगला, मध्यम, वाईट, फार वाईट, भयंकर, फार भयंकर आणि अगम्य. आठांपैकी पाच वाईटाच्या. ज्यांनी ही प्रतवारी केली त्यांचा प्रवास दांडगा असला पाहिजे. कसोटी मतांची नाही, चाकांची आहे. स्केटबोर्ड चालला तर उत्कृष्ट, शर्यतीच्या सायकलचं बारीक चाक चाललं तर चांगला. आपली साधी मोटार ज्यावरून जेमतेम जाते तो ‘वाईट’, आणि जिथे ट्रॅक्टरच हवा तो ‘फार भयंकर’. म्हणजे ज्या रस्त्यावरून आल्यावर आपण पाहुण्यांना “रस्ता तसा बरा आहे हो” म्हणतो, तो या हिशेबाने वाईटात निघतो. शिवाय ही प्रतवारी करणाऱ्यांनी एसटीचा ड्रायव्हर पाहिलेला नाही. लाल डबा ‘भयंकर’वरूनही वेळेत मुक्कामी पोचतो, मग कसोटी चाकाची मानायची की ड्रायव्हरची? आणि टॅग कुठल्या महिन्यातला मानायचा? मे महिन्यातला ‘मध्यम’ रस्ता ऑगस्टपर्यंत तीन पायऱ्या सहज उतरतो.

रस्त्याच्या वयाचेही टॅग आहेत. प्रस्तावित, बांधकाम सुरू, वापरात नाही, सोडून दिलेला, जमीनदोस्त. बांधकाम सुरू असलेला रस्ता तुटक रेघेने दिसतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुलं आता मतदान करतात. अशा रस्त्याला ‘उद्घाटनाची अपेक्षित तारीख’ असाही टॅग लावता येतो. ‘स्ट्रीटकम्प्लीट’ नावाचं एक मोबाइल अ‍ॅप आहे. ती तारीख उलटली की रस्त्यावरून जाणाऱ्याला ते अदबीने विचारतं, इथलं बांधकाम पूर्ण झालं का? बिचाऱ्याची समजूत अशी, की तारीख गेली म्हणजे रस्ता झालाच असणार, नकाशाच मागे राहिला असेल. गणपतीला निघालेल्या चाकरमान्याच्या हातात वडखळजवळ हा प्रश्न यावा आणि त्याचं उत्तर अ‍ॅपने ऐकावं, असं मला फार वाटतं.

‘वापरात नाही’ आणि ‘सोडून दिलेला’ यांत फरक आहे. पहिला थोड्या डागडुजीने पुन्हा चालू होऊ शकतो, दुसऱ्याची आशा सोडायची. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला रेल्वे बंद पडली आहे. रुळांची दशा पाहून परगावचा माणूस खुशाल दुसरा टॅग लावील. ती परत सुरू व्हावी म्हणून अर्ज-विनंत्या करणाऱ्या वऱ्हाडी माणसाचा हात मात्र पहिल्यावरच थांबेल. नियम सांगतो, जमिनीवर जे दिसतं तेच लिहा. पण पाहणाऱ्याने डोळ्यांसोबत मन घेऊन येऊ नये, असा नियम कुणाला करता आलेला नाही.

रस्ता बांधणाऱ्या प्रकल्पाच्या कचेरीत वेगळीच बोली. तिथे मोरी कुठे आहे विचारलं तर इंजिनिअर ‘चेनेज’, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, सांगतो : ४२ किलोमीटर ३०० मीटर. सरपंच सांगतात, वडाच्या पुढे. संगणक अक्षांश-रेखांश मागतो, आणि तेही कुठल्या क्रमाने, यावर सॉफ्टवेअरांचं एकमत नाही. काहींना अक्षांश आधी लागतो. ‘जिओजेसन’ फाइलला रेखांश. पुण्याचे १८.५ आणि ७३.९ हे आकडे उलटे भरले की पुणे मेट्रोचे खांब नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात, बेअर बेटाच्या दक्षिणेला उभे राहतात. जातिवंत पुणेकर तिथेही म्हणेल, हवा आता पूर्वीसारखी राहिली नाही.

‘शेपफाइल’ची तऱ्हा आणखी निराळी. नाव एकवचनी, पण निदान तीन फायली एकत्र असल्याशिवाय ती उघडत नाही. आणि मेलवर हमखास एकच येते. तिच्यातल्या रकान्याचं नाव दहा रोमन अक्षरांत बसवावं लागतं. ‘एक्स्पेक्टेड कम्प्लिशन डेट’ असं कुणी हौसेने लिहिलं तर जेमतेम ‘एक्स्पेक्टेड’ मावतं. तारीख गळून जाते, अपेक्षा तेवढी शिल्लक राहते. इतकी प्रामाणिक फाइल मी दुसरी पाहिलेली नाही.

ओपनस्ट्रीटमॅपवर सगळ्यांनी मिळून काम करायचं, म्हणून प्रत्येक बदलासोबत कारण लिहायची सोय असते. एकजण गावाची वेस सरकवतो आणि लिहितो, ‘किरकोळ दुरुस्ती’. दुसरा ती परत सरकवतो आणि लिहितो, ‘किरकोळ दुरुस्तीची दुरुस्ती’. जुन्या आवृत्त्या पुसल्या जात नाहीत, त्यामुळे हे भांडण पुढच्या पिढीलाही वाचता येतं. भावकीच्या दाव्यांत इतकी नीट कागदपत्रं क्वचितच सापडतात.

प्रकल्पाच्या नकाशात खरी ताकद मात्र ‘लेयर’ची. रस्ता, पूल, जंगल, विजेच्या तारा, भूसंपादन, प्रत्येकाचा थर वेगळा आणि प्रत्येकापुढे चालू-बंदची चौकोनी खूण. आढावा बैठकीत पडद्यावर सगळे थर एकदम लागतात आणि रस्ता ठिकठिकाणी लाल तुकड्यांखाली बुडालेला दिसतो. “ते लाल काय आहे?” “भूसंपादन प्रलंबित, साहेब.” “ते जरा बंद करा.” खूण निघते. पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रस्ता दिसू लागतो आणि बैठक चहाकडे वळते.