पेला उलटा करणारे काका

काकांना पाणी द्यायचं तर मोरीजवळ द्यावं. पिण्याआधी ते पेला उलटा करून बूड बघतात. बुडावर इंग्रजीत ‘जैन’ ही अक्षरं दिसली की तहान विसरतात. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सचा माल!

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात कोणाकडे रंग बदलणारी जुनी काच आहे, हे काकांना तलाठ्याच्या वरताण ठाऊक. साच्यात दाबलेली साधी काच. गरम असतानाच तिच्यावर धातूंच्या क्षारांचा फवारा मारायचा, की रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखे रंग खेळू लागतात. टिफनीची काच ज्यांना परवडत नव्हती, त्यांच्यासाठी १९०७च्या सुमारास अमेरिकेतल्या फेंटन कंपनीने ती काढली. पुढे ती जत्रांतून बक्षीस म्हणून वाटली जायची, त्यावरून तिला ‘कार्निव्हल ग्लास’ म्हणू लागले.

आपल्याकडे जत्रा म्हणजे म्हसा. पौष पौर्णिमेला लोक तिथे बैल बघायला, घोंगडी घ्यायला जातात. काका रसवंतीवर ग्लास उलटे करतात. रसासकट.

किन्हवलीच्या एका तेराव्याला तर त्यांनी फोटोपुढचा पाण्याचा पेलाच उचलला. ‘जैन’ नव्हता, म्हणून जागेवर ठेवला. नातेवाईकांना वाटलं, काहीतरी विधी असेल.

मराठी काचेचा विषय काढू नये. १९०८ सालचा तळेगावचा पैसा फंड कारखाना, मग १९१६चा ओगल्यांचा कारखाना, मग त्यांचा प्रभाकर कंदील... तोही काकांनी एकदा उलटा करून पाहिलाय. रॉकेल होतं.

समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, जमिनींचे पैसे आले, कुडाची घरं पाडून स्लॅब पडले. नव्या शोकेसमध्ये प्लॅस्टिकची फुलं बसली आणि माळ्यावरचे जग-पेले भंगाराच्या पोत्यात गेले. पोतं गाडीवर चढायच्या आत काका हजर. भावाची घासाघीस करत नाहीत, एवढंच विचारतात, “हा घरात कोणी आणला?” बंगल्याचा मालक गडबडतो. आतून एखादी म्हातारी सांगते, “सासूनं. भात विकून.” त्या सासूचं नाव काका विचारून घेतात आणि कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पेल्याच्या बुडाला चिकटवतात. सातबाऱ्यावर त्या बाईचं नाव कधीच नव्हतं.

असे पेले आता त्यांच्या दोन कपाटांत मावत नाहीत. परवा मुलाने डोंबिवलीहून फोन करून सगळ्यांचे मिळून किती येतील ते विचारलं. काका म्हणाले, “आधी नावं वाचायला ये.”

काकू मात्र पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यातच चहा देतात. काठोकाठ भरून.