आवक-जावक नाना

ब्रेक्झिटने कोणाचं भलं झालं यावर ब्रिटनमध्ये अजून वाद चालू आहे. माझ्या पाहण्यात एका माणसाचं नक्की झालं. आमच्या नानांचं.

नाना मूळचे दादरचे. सत्तरच्या दशकात लंडनला आले आणि एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजत निवृत्त झाले. पुढे मोजायला काही उरेना, तेव्हा स्वयंपाकघरातले डबे मोजू लागले. काकूंनीच मग त्यांना निर्वासितांना मदत करणाऱ्या एका संस्थेत पिटाळलं. संस्था म्हणजे भाड्याचं गोदाम, एक जुनी व्हॅन आणि सुट्टीच्या दिवशी उगवणारी दहा-बारा माणसं. इकडे कपडे गोळा करायचे आणि डोव्हरहून बोटीने पलीकडे फ्रान्सला, कॅलेला न्यायचे. तिथली निर्वासितांची मोठी छावणी, जिला सगळे ‘जंगल’ म्हणत, ती सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये मोडली. छावणी गेली, माणसं यायची थांबली नाहीत. सुदानी, इरिट्रियन, अफगाण, कुर्द पोरं झाडीत नाहीतर पुलाखाली तंबू ठोकतात. दिवसाआड पोलीस येऊन उठवतात, हाती लागतील ते तंबू उचलून नेतात.

गोदामातली बाकीची मंडळी कनवाळू. दिसेल त्याला मिठी मारणारी. नाना कोणाला मिठीबिठी मारत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “रजिस्टर कुठंय?” ते नव्हतंच. घरात देव्हारा नाही म्हटल्यावर आजी जशी बघेल, तसं नानांनी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच लाल पाठीचं रजिस्टर घेऊन आले.

त्यातून जे निघालं ते कनवाळूंना कधी सुचलं नव्हतं. देणारा इंग्रज पोटाने सुटलेला, घेणारा पोरगा सडपातळ. ढीग एक्स्ट्रा लार्जचा, मागणी स्मॉल-मीडियमची. बायकांचे उंच टाचांचे बूट ढिगाने, आणि पुरुषांच्या ४२ नंबरच्या बुटांचा ठणठणाट! झाडीत झोपणाऱ्याला गडद रंग हवा. लोक पांढरी जाकिटं देतात. नाना प्रत्येक जाकिटाची चेन तीनदा वरखाली करतात. बुटांच्या जोडीच्या नाड्या एकमेकींना बांधून वर चिकटपट्टीवर नंबर लिहितात. एकदा एक नवी मुलगी त्या ढिगापाशी बसून हुंदके द्यायला लागली. नानांनी तिच्यापुढे जाकिटांचं खोकं सरकवलं. “रडा, पण चेन बघत बघत रडा. पोरगं थंडीत कुडकुडत असताना ती अर्ध्यावर अडकली तर?”

मग १ जानेवारी २०२१ उजाडला आणि ब्रेक्झिटचे नियम लागू झाले. काल-परवापर्यंत व्हॅन भरली की निघाली, असा कारभार होता. आता फ्रान्सला न्यायच्या प्रत्येक मालाची यादी, वजन, किंमत, संकेतांक! कनवाळू मंडळींनी हात टेकले. नानांचा चेहरा मात्र उजळला. जुन्या कपड्यांचा जकातीचा संकेतांक ६३०९ आहे, हे ते आता झोपेतून उठवलं तरी सांगतात. नियमाला अपवाद नाही, अगदी काकूंनाही. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी, म्हणून तुपातले बेसनाचे लाडू डोव्हर सोडल्यापासून कॅले दिसेपर्यंत, सुमारे दीड तासात, सगळ्यांनी संपवायचे असा नानांचा हुकूम आहे. मीही तो पाळलेला आहे. खवळलेल्या समुद्रात चौथा लाडू जरा जड जातो.

कॅलेला वाटपाच्या रांगेशी नाना उभे असतात. बऱ्याच अफगाण पोरांना हिंदी-उर्दू कळते, त्यातली बरीचशी सिनेमाची. नानांची हिंदी दादरची.

“तुमको कितना नंबर लगता है?”

“बयालीस, चाचा.”

“बयालीस खतम. इकतालीस है, पर मैं देगा नहीं. बोटं दुखेंगी.”

“चलेगा, चाचा.”

“क्या चलेगा? चलना तो तुमको ही है ना! शुक्रवार को आओ, मैं बाजू में रखता है.”

आणि खरंच ठेवतात. नाव नाही, गाव नाही. रजिस्टरात ‘४२, काळे, शुक्रवार’ एवढंच. एका कनवाळू स्वयंसेविकेला मी विचारलं, नाना कसे वाटतात? ती म्हणाली, “असह्य.” मग जरा थांबून म्हणाली, “पुढच्या वेळी येणार आहेत ना?”

यंदा गणपतीत लंडनच्या मराठी मंडळाने नानांना व्यासपीठावर बोलावलं. सूत्रसंचालकाने ‘माणुसकीचा दीपस्तंभ’ वगैरे करून झालं. नाना उठले, चष्मा लावला, वाचलं: “पुरुषांच्या पँटी, कंबर २८ ते ३२, गडद. बूट ४१ ते ४४. तंबू, दोन माणसांचे. बाकी काही नको.” आणि बसले.

पुढच्या रविवारी त्यांच्या दारात पिशव्यांची रांग लागली. निम्म्यांत साड्या. नानांनी सगळ्यांच्या रीतसर नोंदी केल्या आणि एकेकीला फोन लावायला घेतले.

“वहिनी, पैठणी परत न्या. तिथे नेसणार कोण? त्यापेक्षा भाऊसाहेबांच्या पँटी द्या, बत्तीसच्या आतल्या.”

पलीकडून वहिनींचा आवाज मला खोलीभर ऐकू आला. “अहो नाना, बत्तीस ते बोहल्यावर होते!”