गोटीवाले काका

फ्लॅट बघायला जाताना बरोबर न्यायचे एक काका प्रत्येक घराण्यात असतात. तुमच्याकडेही असतील, नसले तर शेजाऱ्यांचे मागून आणता येतात. आमचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात काचेची एक हिरवी गोटी असते.

वाकडच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये सेल्सवाली मुलगी ‘सर, हा आपला लिव्हिंग-डायनिंग’ म्हणेपर्यंत काकांनी उकिडवं बसून गोटी सोडलीसुद्धा. ती गडगडत थेट सोफ्याखाली.

‘‘उतार ईशान्येला,’’ काका म्हणाले.

मुलीला वाटलं, हे वास्तुशास्त्रवाले. ‘‘ईशान्य एकदम शुभ, सर!’’

‘‘देवघराला, बाई. फरशीला नाही.’’

ती बिचारी गुडघ्यांवर बसून फूटपट्टीने गोटी काढत होती, तोवर काका आतल्या पलंगावर आडवे होऊन आले. पाय बाहेर. सॅम्पल फ्लॅटमधलं फर्निचर मुद्दाम बेताचं करतात, दारं तर बऱ्याचदा बसवतच नाहीत. खोली ऐसपैस दिसते. ‘‘चपला काढायला लावतात आणि अक्कलही बाहेर ठेवायला लावतात,’’ हे काकांनी तिच्यासमोरच सांगितलं. गोटी मात्र धन्यवाद म्हणून परत घेतली.

कोथरूडच्या जुन्या फ्लॅटमध्ये नवा रंग बघून काकांच्या भुवया चढल्या. भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. काकांनी आधी त्याला नमस्कार केला, मग उचललं. मागे ओल, रंगाला पोपडे. मालक गणपतीकडे बघत राहिले. काका तोवर बाथरूममध्ये. तिथे गोटीने नहाणीच्या जाळीकडे जायचं असतं. ही निघाली उंबऱ्याकडे.

‘‘आंघोळ झाली की पाणी वायपरने लोटावं लागतं ना?’’

मालकीणबाई चमकल्या. ‘‘तुम्हाला कुणी सांगितलं?’’

काकांनी गोटी दाखवली.

खाली उतरल्यावर वॉचमनची चौकशी. तिथे गोटी लागत नाही, तंबाखू लागते. उन्हाळ्यात टँकर किती येतात, हे ब्रोशरमध्ये नसतं. वॉचमनला पाठ असतं.

आता एक गुपित. व्हिट्रिफाइड टाइलला मुळातच किंचित बाक असू शकतो, त्यामुळे गोटी अगदी सपाट घरातही गडगडते. हे मला एका फरशीवाल्याने सांगितलं. काकांना सांगायची माझी छाती नाही. एकाने त्यांना स्पिरिट लेव्हल भेट दिली होती; ती त्यांनी कपाटावर ठेवून दिली. ‘‘बुडबुड्यावर माझा विश्वास नाही.’’

त्यांचं ऐकतं कोण, हा प्रश्न वेगळा. लोक काकांना नेतात ते भाव पाडायला. गोटी गडगडली की मालक लाखभर खाली येतो. मग काकांना रिक्षात बसवून देतात आणि तोच फ्लॅट घेतात. आमच्या भाच्याला काकांनी उताराचा सविस्तर अहवाल लिहून दिला होता. त्याला दिसलं ते मोफत मॉड्युलर किचन. त्यातल्या त्यात एवढंच झालं, की बिल्डरने करार नोंदवण्याआधी वीस टक्के मागितले तेव्हा काका टेबलावर हात आपटून म्हणाले, ‘‘रेरात दहाच्या वर घेता येत नाही!’’ भाचा तेव्हा खिडकीबाहेर बघत होता.

ताब्यानंतरच्या दुसऱ्या जुलैत त्याच्या बाथरूमचं छत पाझरायला लागलं. बिल्डरचा फोन लागेना. काका रेनकोट घालून आले. मी वाट बघत होतो, की आता ‘मी सांगितलं नव्हतं?’ येणार. आलं नाही. ते वरच्या मजल्यावरच्या आजींकडे गेले, त्यांच्या आजारपणाची सगळी हकीकत ऐकून घेतली, मग नहाणीत फडकं कोंबलं, बाथरूमभर पाणी सोडलं आणि त्यात रंग कालवला. दुसऱ्या दिवशी खालच्या छतावर गुलाबी डाग. काकांनी बिल्डरला अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला: रेरा कायदा 2016, कलम 14, पोटकलम 3, ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्ती. अक्षर सरकारी, टपोरं. पोच घेतल्याशिवाय ते बिल्डरच्या ऑफिसातून हलले नाहीत. तीन आठवड्यांत माणसं आली.

भाच्याने पाकीट पुढे केलं, तर म्हणाले, ‘‘चहा टाक.’’ हल्ली त्यांचे गुडघे वाकत नाहीत. गोटी सोडायला भाच्याची मुलगी नेतात. ती सोडते आणि काका उभ्याउभ्या दिशा सांगतात. स्वतःचा फ्लॅट त्यांनी घेतलाच नाही. एकही उतरला नाही गोटीला. भाड्याच्या दोन खोल्यांत जन्म गेला, आणि त्याचं त्यांना फारसं वाटतही नसावं. निदान विचारायची सोय नाही.

तुमच्याकडे असे काका असतील तर घर ठरवण्याआधी न्या, नंतर नको. आणि ताब्याचं पत्र कपाटात नीट ठेवा. पाच वर्षं त्या तारखेपासून मोजतात.