‘भाग दुसरा’च्या हिशेबनिसांस

मा. हिशेबनीस साहेब,
‘भाग दुसरा’ खाते, डिस्ने स्टुडिओ, अमेरिका यांसी

बपेरा, ता. तुमसर, जि. भंडारा येथील एका बापाचा दंडवत.

आपलं नाव कुठल्याच श्रेयनामावलीत दिसत नाही, हा मोठा अन्याय आहे. खरे लेखक-दिग्दर्शक आपणच. १९९४ साली अल्लादीनचा दुसरा भाग, ‘द रिटर्न ऑफ जाफर’, आपण थिएटरला वळसा घालून थेट कॅसेटवर उतरवलात. खर्च बेताचा, खप कोटीच्या वर. जिनीला आवाज देणारे रॉबिन विल्यम्स आले नाहीत, तर डॅन कॅस्टेलानेटांना उभं केलंत. पोट्ट्यांना काय कळतं!

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर दंडारी आणि नाटकं चालतात. तिथे ठरलेला नट बदलला तर पहिल्या प्रवेशालाच मागून आवाज येतो, “तो कुठं गेला बे?” कॅसेटला मागची रांग नसते, हे आपण बरोबर हेरलंत.

आपली काटकसर तर वाखाणण्याजोगी. ‘लिटल मरमेड’मधली उर्सुला पहिल्या भागातच मेली. म्हणून २००० साली तिची बहीण मॉर्गाना रुजू झाली, आवाजही त्याच पॅट कॅरोलबाईंचा. खलनायकी अनुकंपा तत्त्वावर भरणारा दुसरा स्टुडिओ माझ्या पाहण्यात नाही. जलपरी आईला समुद्रातून जमिनीवर यायचं होतं, आता लेकीला जमिनीवरून समुद्रात जायचंय. झिजलेली कॉलर उसवून उलटी शिवतात, तशी गोष्ट. ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ची कॉलरही अशीच फिरवलीत: बाप भटका होता तो घरात आला, तर पोरगा घर सोडून भटकायला निघाला. सिंड्रेलाच्या दुसऱ्या भागात तीन सुटे किस्से एका दोऱ्यात ओवलेत. ‘अटलांटिस’ची टीव्ही मालिका बारगळली, तर तिचे तयार भाग जोडून २००३ मध्ये चित्रपट म्हणून विकलात. बांबीचा दुसरा भाग ६४ वर्षांनी आला. एवढा वेळ आमच्या सातबाऱ्यावर फेरफार व्हायलाही लागत नाही.

आमच्याकडेही ‘हनुमान’नंतर दोनच वर्षांत, २००७ साली, ‘रिटर्न ऑफ हनुमान’मध्ये मारुतीराय शाळेचा गणवेश घालून आले होते. चांदपूरचा मारुती इथून जवळच, त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. पण तो चित्रपट निदान थिएटरात आला, तिकीट काढलेल्यांना तोंड दिलं. तेव्हा तो या पत्रातून वजा.

एक शंका मात्र राहते. थिएटरातला मोठा माणूस चित्रपट एकदा बघतो आणि विसरतो. घरातलं पोट्टं तीच सीडी रोज लावतं. कुठल्या प्रसंगात मागची गर्दी पुतळ्यासारखी उभी आहे, कुठं चेहरा मघापेक्षा वेगळा दिसतो, हे त्याला पाठ असतं. ते तक्रार करत नाही, एवढंच. गुपचूप पहिला भाग लावून बसतं. सगळ्यात बारकाईने बघणारा प्रेक्षक गाठून त्यालाच सगळ्यात हलका माल द्यायचा, हे धाडस आपल्याकडून शिकावं.

‘टॉय स्टोरी २’ही खरं तर आपल्याच खात्यात जन्माला यायचा होता. पण करणाऱ्या पिक्सारवाल्यांना तो कॅसेटवर सोडवेना. त्यांनी शेवटच्या नऊ महिन्यांत जवळजवळ सगळा पुन्हा रचला आणि १९९९ मध्ये थिएटरात नेला. एवढी नासाडी! पुढे डिस्नेने पिक्सारच विकत घेतली, तिथले जॉन लॅसेटर आले आणि २००७ साली त्यांनी आपलं खातंच गुंडाळायला घेतलं.

आपला,
बपेऱ्याचा एक बाप

ता. क. : त्याच वर्षी सिंड्रेलाचा तिसरा भाग आला. त्यात जादूची छडी सावत्र आईच्या हाती लागते, गोष्ट खरोखर पुढे सरकते आणि राजपुत्रालासुद्धा काही काम आहे. हा प्रकार आपल्या नजरेतून कसा सुटला, याची चौकशी करून जबाबदारी निश्चित व्हावी.