शेठ आहेत का?

(रंगमंचावर एक काउंटर. त्यावर वायरचं बंडल, वजनकाटा, बिलबुक, डब्यांत पाइपाची फिटिंग. मागं भिंतीवर हार घातलेला एक फोटो. बाजूला माळ्यावर जाणारी लोखंडी शिडी. बाई चाळिशीच्या आसपास. साडी, कमरेला खोचलेला पदर, कानामागं पेन्सिल. खाली मान घालून खिळे तोलते आहे.)

(मान वर न करता) नाहीत.

(अजून चार खिळे टाकते. मग वर बघते.)

अहो, तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकलं. 'शेठ आहेत का?' हेच विचारणार होता ना? कळतं मला. पायरी चढतानाच माणूस माझ्या खांद्यावरून मागं बघायला लागतो. माझ्यामागं कपाट आहे. कपाटात बिजागऱ्या आहेत. शेठ नाहीत.

साताऱ्यात आमचं हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकलचं दुकान. बाबांनी काढलं 1984 साली. नुकतं लग्न झालेलं, उमेद दांडगी. पेंटर अक्षरावर पैसे घ्यायचा, तरी बाबांनी इंग्रजीतनं आडनावापुढं 'अँड सन्स' घालून घेतलं. ॲडव्हान्स बुकिंग! सन्स आलेच नाहीत. माल आला तो एकच. (स्वतःकडे बोट) आणि दुकानात पाटी होती : एकदा घेतलेला माल परत होणार नाही.

आजी म्हणाली, पुढच्या खेपेला बघू. पुढची खेप आलीच नाही. बाबा मात्र मला गल्ल्यामागं स्टुलावर बसवायचे. इतर पोरी सागरगोटे खेळायच्या, मी वायसर खेळायचे. सहावीत मला सूत कळत होतं. सूत म्हणजे दोऱ्याचं नाही हं. आठ सुतांचा एक इंच. बोल्ट हातात घेतला की तीन सुताचा का चार सुताचा, डोळे मिटून सांगायचे. एवढं सूत कळून गिऱ्हाइकाशी सूत जुळायला काय हरकत होती? पण नाही. बाई दिसली की माणूस सुतावरून स्वर्ग गाठतो.

(गिऱ्हाईक होते. पोट पुढं, हात मागं.) "ओ वहिनी, शेठ?"

"मीच."

"नाही, म्हणजे... दुकानाचे?"

"दुकानाचीच."

"बरं, मग तो पोरगा कुठाय?"

पोरगा म्हणजे बंटी. वय 19, आमच्याकडं लागून झाले होते चार दिवस. पहिल्या दिवशी त्यानं मला विचारलेलं, 'मॅडम, अल्ड्रॉप हे सर्दीवर घ्यायचं का?' त्या बंटीला माळ्यावरून खाली बोलावण्यात आलं.

"काय रे, गिझरला कुठली वायर लागंल?"

बंटी माझ्याकडं बघतो. मी म्हणते, "काका, गिझर किती वॅटचा?"

काका बंटीला सांगतात, "दोन हजार."

"म्हणजे झाले साधारण 9 अँपिअर. अडीच एमएमची वायर घ्या, 16 अँपिअरचा सॉकेट घ्या. एक एमएम लाइटला ठीक, गिझरला नको. तापेल."

काका बंटीला : "काय म्हणतोस?"

बंटी : "अडीच घ्या."

काका : (गदगदून) "बघा! पोरगं हुशार आहे."

(बंडल उचलून आपटते.) 90 मीटरचं बंडल. काउंटरवर आणून ठेवलं कुणी? मी. बंटीची कंबर धरली होती.

आता एक सांगते, माझ्या धंद्यातला अनुभव आहे. ज्याच्या हाताला ग्रीस असतं ना, तो कधी विचारत नाही शेठ कुठे. प्लंबर येतो, वायरमन येतो, सुतार येतो. 'ताई, पाऊण इंची दोन एल्बो, एक युनियन, टेफ्लॉन टेप. लिहून ठेवा.' गेला. कधी अडलाच तर उलट मलाच विचारतो, 'ताई, इथं काय बसवू?' शेठ शोधतो कोण? ज्यानं आयुष्यात बल्ब बदललाय दोनदा, आणि त्यातला एक उलटा फिरवलाय.

बायका नाहीत का शोधत? शोधतात की! परवा एक आल्या, नळाची चकती हवी होती. मी चकती काढून दिली, कशी बसवायची ते सांगितलं. म्हणाल्या, 'अय्या, तुम्हाला कळतं यातलं?' म्हटलं, हो. म्हणाल्या, 'तरी एकदा ह्यांना फोन लावून विचारते.' लावला. हे कुठं होते? एलआयसीच्या ऑफिसात. ह्यांनी तिकडनं सांगितलं, 'दुकानात कुणी माणूस असेल तर त्याला विचार.'

(पाणी पिते.)

काही लोक वेगळ्याच कारणानं शेठ मागतात. ते लाजतात. पाइपाच्या फिटिंगची नावंच तशी. दोन पाइप जोडायला आखूड तुकडा असतो, दोन्ही तोंडांना आटे. त्याला म्हणतात... (श्वास घेऊन) निपल. आता मी काय करू? मी नाही ठेवलं नाव. मास्तर माणूस, घामानं डबडबलेला. "जरा ते... हे... अर्धा इंची... तुमच्यात... नाही, दुकानात..." शेवटी कागदावर लिहून दिलं. मी वाचून माळ्याकडं बघून ओरडले, "बंटी, अर्धा इंची निपल चार!" मास्तर पाच मिनिटं रस्ता ओलांडून पलीकडं उभे.

आणि ज्याला आटे बाहेर तो मेल, ज्याला आटे आत ती फिमेल. माझ्या अकलेवर शंका घेणारा बाप्या गडी काउंटरवर मूठ आपटून काय मागतो? 'फिमेल द्या, फिमेल! मेलचा इथं उपयोग नाही!'

(स्वतःच हसते. मग पेन्सिल काढून पुन्हा कानामागं ठेवते.)

आमच्या जिल्ह्यातलं नायगाव माहितेय ना? सावित्रीबाईंचं जन्मगाव. 3 जानेवारी 1831. तर 2 जानेवारीला संध्याकाळी एक गृहस्थ आले. सावित्रीबाईंचा फोटो काखेत. उद्याचं भाषण तोंडपाठ करत होते, मलाही ऐकवलं दोन मिनिटं. आजची स्त्री कुठंही मागं नाही! मी टाळ्या वाजवल्या. मग म्हणाले, "बरं, हा फोटो भिंतीला लावायचाय. खिळा किती इंची लागेल, ते जरा शेठना विचारून सांगता?"

(हात जोडते.) माफ करा हो सावित्रीमाई.

तर आता शेठ. आमचे हे. कॉलेजात मराठी शिकवतात. स्क्रू या शब्दाचं लिंग सांगतील, पण तो फिरवायचा कुठल्या बाजूला, ते नाही. कुलूप नपुंसकलिंगी का आणि किल्ली स्त्रीलिंगी का, यावर तासभर बोलतील. घराची किल्ली विसरून बाहेर उभं राहून बोलतील.

एकदा माझी दाढ ठणकली. डेंटिस्टकडं जाणं भाग होतं, बंटी गावाकडं. हे म्हणाले, "मी बसतो की दुकानात. दोन तासांचा प्रश्न."

अहो, त्या दोन तासांत जेवढा धंदा झाला तेवढा दिवाळीला होत नाही! पांढरा झब्बा, मिशी, डोळ्यांवर चष्मा. लोकांना जे हवं होतं ते गल्ल्यामागं बसलं होतं. कुणी घासाघीस केली नाही. एकानं विचारलं, "शेठ, टी आहे का?" ह्यांनी समोरच्या टपरीवर हात केला, "दोन कटिंग!" तो पाइपाचा टी मागत होता. बिचारा चहा पिऊन गेला. पण पुन्हा आला आणि म्हणाला, 'तुमचे मिस्टर फार मोकळे आहेत.'

दुसरा आला. गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी बाथरूमला आणायचं होतं. "शेठ, कुठला पाइप घालू?" ह्यांनी रॅककडं पाहिलं. एक पाइप पिवळट, एक स्वच्छ पांढरा. ह्यांना पांढरा आवडला. शुभ्र! दिला. 60 फूट.

आता, पिवळट तो सीपीव्हीसी, गरम पाण्याचा. पांढरा तो यूपीव्हीसी, गार पाण्याचा. गरम पाणी सोडलं की तो मऊ पडतो. आठ दिवसांनी तो माणूस आला. पाइपाचा तुकडा हातात, वाकून आकडा झालेला. (हातानं दाखवते.) काउंटरवर ठेवला.

"बाई, हा काय प्रकार?"

मी म्हटलं, "हा मी दिला नाही. मिस्टरांनी दिला."

तो थांबला. विचार केला. म्हणाला, "मग त्यांना तुम्ही नीट सांगितलं नसेल."

(बराच वेळ प्रेक्षकांकडं बघते.)

पाइप बदलून दिला. पदरचे गेले. पदर म्हटलं की आठवलं, थांबा, हेही सांगते. सांगू नये खरं तर.

भाचीचं लग्न. पैठणी घ्यायला पुण्याला गेले. साडीचं दुकान म्हणजे कसं? गादीवर पुरुष बसलेले. नऊवारी तो नेसवून दाखवणार, पदर तो स्वतःच्या खांद्यावर टाकणार. जन्मात साडी नेसलेला नाही, पण कुणी विचारलं का, 'दादा, बाई आहेत का आत?' आणि बांगड्या भरायला कासार. आमच्या आजीच्या हाताचं माप आजोबांना माहीत नव्हतं, कासाराला माहीत होतं.

तर तिथं गादीवर नेमकी एक पोरगी बसलेली. विशी-बाविशीची. म्हणाली, "या मावशी, काय दाखवू?"

आणि मी... (जीभ चावते) मी तिच्या खांद्यावरून मागं बघितलं. म्हटलं, "दादा नाहीत का गं?"

तोंडातनं निघून गेलं! पोरीनं काही चेहरा केला नाही. सवय. पैठणी काढली, पदर उलटा केला. म्हणाली, "मावशी, ही बघा. हातमागाचा पदर मागनं-पुढनं सारखाच दिसतो. आणि ही दुसरी, हिला मागं बघा, सुटे धागे. ही मशिनची. तुम्हाला पहिली घ्या म्हणेन."

मी म्हटलं, "बरं बरं. दादांना बोलव."

दादा आले. (काउंटरखालून निळी ताडपत्री काढते, खांद्यावर पदरासारखी टाकते, पोट पुढं काढते.) "ताई! ही बघा! ही तुमच्यासाठीच विणलीय! हा रंग तुमच्या रंगावर... (डोळे मिटून) खुलतो!" मी बघितलं. मिशी, टक्कल, खांद्यावर मोर. आणि मला पटलं हो! मशिनची होती, तीच घेतली. घरी येऊन पदर उलटा केला. धागे.

पैसे देताना त्या पोरीनं विचारलं होतं, "मावशी, तुमचं काय असतं?"

म्हटलं, "हार्डवेअरचं दुकान."

"अय्या! मिस्टरांचं?"

(ताडपत्री घडी घालते. घडी नीट जमत नाही, तशीच कोंबते.) फिटंफाट.

मग आला पाट्यांचा कायदा. 2022 साली सरकारनं सांगितलं, छोटं असो मोठं असो, प्रत्येक दुकानावर मराठी पाटी. आम्ही नेहमीप्रमाणं बघू म्हणालो. 2023 च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा सगळ्या रस्त्यानं पेंटर धरला. माझ्या पाटीसमोर उभा राहून तो म्हणाला, "मॅडम, आडनाव झालं मराठीत. 'अँड सन्स'चं काय करू?"

मी बघत राहिले. जवळजवळ चाळीस वर्षं ते दोन शब्द डोक्यावर होते. बाबा जाऊनही अकरा वर्षं झालेली. म्हटलं, "लिही, 'आणि मुलगी'."

"मुलगी?"

"मुलगी."

"असं कुणी लिहीत नाही, मॅडम. शेठना विचारतो."

खरंच फोन लावला ह्यांना! मी कान देऊन. हे काय म्हणतात? बराच वेळ शांत. मग म्हणाले, "हो, तसंच लिहा. फक्त 'आणि'मधला णि ऱ्हस्व. तुम्ही लोक दीर्घ काढता." इतक्या वर्षांत दुकानाच्या बाबतीत ह्यांनी दिलेला एवढा एकच सल्ला बरोबर निघाला.

पाटी चढली. निळ्यावर पांढरी अक्षरं. मी रस्त्यापलीकडं जाऊन बघून आले. तीनदा. मग पदर खोचला, स्टुलावर बसले, म्हटलं, आता या.

पहिलं गिऱ्हाईक आलं. पायरीवर थांबलं. मान वर केली, पाटी वाचली. सगळी. ओठ हलताना दिसत होते. '...आणि... मुलगी.' मग आत आलं. माझ्या खांद्यावरून मागं नाही बघितलं! थेट माझ्याकडं.

"तुम्हीच का ती मुलगी?"

(उभी राहते. घसा दाटलेला.) "हो. मीच."

"वा वा. छान." (थोडं थांबून) "वडील आहेत का?"

(ती काही बोलत नाही. हळूच मागं वळते. हार घातलेल्या फोटोकडं बघते. पुन्हा पुढं वळते.)

म्हटलं, "ते वर गेले."

त्यानं माळ्याच्या शिडीकडं बघितलं. स्टूल ओढलं. बसला.

"सावकाश येऊ द्या. मी थांबतो."

(ती त्याच्याकडं बघते. शिडीकडं बघते. मग खाली मान घालून खिळे तोलायला लागते. खिळ्यांचा आवाज. अंधार.)