पारा ४५, चॉकलेट ३४

घरी चॉकलेट करावं, हे कुणालाही सुचेल. ते ऐन मे महिन्यात अकोल्यात करावं, हे फक्त आमच्या आत्यालाच सुचू शकतं. उन्हाळी वर्गात ती होममेड चॉकलेट शिकली आणि शिकलेली विद्या नातेवाइकांवर आजमावल्याशिवाय तिला करमत नाही. "पोट्ट्यायले घेऊन या, सारे मिळून करू," असा फोन आला आणि आम्ही अमरावतीकर सहकुटुंब निघालो.

अमरावती-अकोला रस्ता साधासुधा नाही. जून २०२२ मध्ये याच रस्त्याच्या ७५ किलोमीटरच्या एका मार्गिकेचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकलं आणि गिनेस बुकात नोंद झाली. हे ऐकून धाकट्यानं विचारलं, "मंग चॉकलेट किती वेळात होते?" "त्याच्याहून लवकर," बायको छातीठोकपणे म्हणाली. तिला तेव्हा अकोल्याची दुपार आठवली नसावी.

कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. अंगाचं तापमान ३७, म्हणून चॉकलेट तोंडात विरघळतं आणि जाहिरातवाले त्याचं कौतुक करतात. अकोल्यात पारा ४५ वर. तिथं चॉकलेटाला विरघळायला तोंड लागतच नाही. वर्गातल्या बाईंनी म्हणूनच कंपाउंड स्लॅब घ्यायला सांगितला होता. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, तो उन्हात जरा तग धरतो. पण पुण्याच्या वहिनींनी 'अस्सल'च पाठवलेलं. पुण्याहून आलेल्या वस्तूला नाही कोण म्हणणार?

स्लॅब किसला, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून वितळवला. खरं तर गच्चीवर ठेवला असता तरी भागलं असतं. मग कूलरचा प्रश्न निघाला. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचा थेंब पडला की त्याचा रवाळ गोळा होतो, आणि आत्याचा कूलर वाऱ्यासोबत शिंतोडेही उडवतो. कूलर लावला तर चॉकलेट बिघडतं, बंद केला तर माणसं. घरात लगेच दोन पक्ष पडले. एसी होता, पण आजीच्या खोलीत; तिची दुपारची झोप मोडायची कुणाची टाप नव्हती. शेवटी कूलर बंद झाला आणि घामाचे थेंब भांड्यात पडू नयेत म्हणून ढवळणाऱ्याच्या कपाळाला दुपट्टा बांधला. आत्या त्या वेशात चॉकलेट करायला नव्हे, लू अंगावर घेत शेतात निघाल्यासारखी दिसत होती.

साच्यात काय घालायचं, यावर सभा भरली. वरुडच्या संत्र्याची साल, तीळ, दाणे अशी नावं मंजूर झाली. मामाजी कोपऱ्यातून म्हणाले, "थोडं तिखट टाका न्! निरं गोड कोन खाते?" सगळे हसले. पण मामाजींच्या पाठीशी इतिहास उभा आहे. मेक्सिकोतले अझ्टेक लोक कोकोत मिरची घालून पीत. पीत, खात नव्हे! खायची वडी ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं १८४७ मध्ये बनवली. त्याआधी शतकानुशतकं चॉकलेट हे पेयच होतं.

हे ज्ञान संध्याकाळी फार कामी आलं. फ्रिज आमरस आणि टरबुजानं आधीच गच्च होता, त्यात "जमलं का?" पाहायला पोरं दर दोन मिनिटांनी दार उघडत होती. साचे उलटे केले तेव्हा वड्या पडल्या नाहीत, ओघळल्या. आत्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आत्या, हे बिघडलं नाही, मूळ पदावर आलं." सगळ्यांनी वाट्या-चमचे घेतले. उरलेलं दुधात गेलं. मामाजींनी आपल्या वाटीत खरोखर चिमूटभर तिखट टाकलं आणि दुसरी वाटी मागितली.

निघताना आत्या म्हणाली, "आता डिसेंबरातच या. थंडीत फ्रिजची बी गरज नाही."

"डिसेंबरात?" मामाजी दचकले. "तवा हुरडा असते बापा! चॉकलेट कोन खाते?"