चालत जिंकायची शर्यत

धावण्याच्या शर्यतीत मधेच चालू लागलेल्या माणसाकडे आपण कसं बघतो, ते सांगायला नको. रस्त्याकडेचे लोक टाळ्या वाजवतात खरे, पण त्या टाळ्यांत कौतुक कमी आणि कीव जास्त. इंग्लंडच्या उत्तरेला, लेक डिस्ट्रिक्टच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर ‘फेल रनिंग’ नावाचा प्रकार चालतो, तिथे मात्र पहिला येणारा गडीसुद्धा बिनदिक्कत चालतो. खडा चढ आला की तो कमरेत वाकतो, दोन्ही पंजे गुडघ्यांच्या जरा वर रोवतो आणि प्रत्येक पावलागणिक हाताने मांडी खाली रेटत वर सरकतो. गुडघेदुखीने बेजार झालेला माणूस जिना चढतो तसा. माझं म्हणणं असं की या खेळात पायांइतकीच अक्कल लागते, किंबहुना कुठे धावू नये हे ज्याला कळतं तोच इथे पुढे जातो. आणि म्हणून धावण्याच्या सगळ्या प्रकारांत हा सर्वांत शहाणा.

‘चालायचंच असेल तर शर्यत कशाला? सकाळी बागेत फेऱ्या माराव्यात,’ असं कुणी म्हणेल. पण खड्या चढावर त्याच वेगाने धावण्यापेक्षा चालायला कमी शक्ती लागते. प्रयोगशाळेत तिरक्या पट्ट्यावर माणसं चढवून हे मोजूनही झालंय. वाचलेली शक्ती उताराला कामी येते, कारण खरी परीक्षा तिथे. ओलं गवत, पायाखालून निसटणारे दगड, आणि नजर मात्र पायाजवळ न ठेवता चार पावलं पुढे. जो घाबरून मागे रेलतो तो आपटतो. शिवाय बऱ्याच शर्यतींत ठरावीक ठिकाणं गाठायची एवढंच बंधन असतं, मधली वाट ज्याची त्याने शोधायची. धुकं उतरलं की सर्वांत वेगवान माणूस सर्वांत वेगाने भलत्याच दरीत पोचतो. मोठ्या शर्यतींत नकाशा, होकायंत्र, शिट्टी, अंगभर जलरोधक कपडे आणि अडीअडचणीचा खाऊ जवळ ठेवावा लागतो. सामानाची ही यादी पळणाऱ्याची वाटत नाही, मुलाला सहलीला पाठवणाऱ्या आईची वाटते.

‘ही वेड्यांची कामं’ हा दुसरा आक्षेप जुना आहे, आणि बॉब ग्रॅहमकडे बघून तो मान्य करावासाही वाटतो. केझिक गावात गेस्ट हाउस चालवणाऱ्या या गृहस्थाने 1932च्या जूनमध्ये, चाळिशी उलटल्यावर, बेचाळीस शिखरं चोवीस तासांच्या आत पालथी घातली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर आणि चढ सगळा मिळून आठ हजार मीटरच्या आसपास. पायात टेनिसचे बूट, अंगात पायजम्याचा सदरा, पोटात लोणी-पाव आणि उकडलेलं अंडं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला असलं काही सुचलं तर आपल्याकडे घरचे आधी रक्तदाब मोजतील. पण वेडा माणूस वाटेतला डोंगर न् डोंगर आधी पायी तुडवून ठेवत नाही. ग्रॅहमने ठेवला होता. ही फेरी पुन्हा कुणाला जमायला 1960 साल उजाडावं लागलं. त्याच डोंगरांतल्या वॉसडेलचा मेंढपाळ जॉस नेलर तर पाठीच्या दुखण्यामुळे सैन्यात नापास झालेला. त्याने 1975 साली चोवीस तासांच्या आत बहात्तर शिखरं केली. मेंढरांमागे डोंगर चढण्या-उतरण्यात जन्म गेलेल्या माणसाला कुठे दम राखायचा हे प्रशिक्षकाने काय शिकवावं? आपल्याकडच्या धनगरांना हे सांगून पाहा, ते नुसते हसतील. रविवारी सिंहगडावर घड्याळ लावून धापा टाकत चढणाऱ्यांनी मात्र जरूर ऐकावं, कारण त्यांची बरीचशी शर्यत पहिल्या वळणावर संपते आणि उरलेली कांदाभज्यांसाठी असते.

अक्कल गहाण टाकून मोकळ्या रानात पळालं तर काय होतं, त्याचा पुरावा खुद्द ऑलिंपिकने देऊन ठेवला आहे. 1924 साली पॅरिसला क्रॉस-कंट्री भर जुलैच्या दुपारी ठेवली. आग ओकणारं ऊन, वाटेत गुडघाभर काटेरी झुडपं. 38 जण सुटले, 15 पोचले. बाकीचे कुणी रस्त्याकडेला, कुणी थेट दवाखान्यात. फिनलंडचा पावो नुर्मी मात्र पहिला आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावून आणखी एक सुवर्णपदक घेऊन गेला. ‘म्हणजे शेवटी पायच जिंकले की!’ असं यावर म्हणता येईल. पण हा तोच नुर्मी, जो हातात घड्याळ धरून, आपला वेग तोलून-मापून धावण्यासाठी प्रसिद्ध होता. ऑलिंपिकवाल्यांनी यातून धडा घेतला तो असा की क्रॉस-कंट्रीच बंद करून टाकली. दुपारची वेळ बदलण्यापेक्षा खेळ बदलणं सोपं पडलं असावं. समित्या जगभर सारख्याच.

राहता राहिला सुधारणेचा मुद्दा. नवे बूट आले, नवा आहार आला, आता जुनं शहाणपण कशाला, असं विचारणारे भेटतात. सपाट रस्त्यावर त्यांचं खरं आहे. मॅरेथॉनचे विक्रम दर काही वर्षांनी कोसळताहेत. आता स्कॉटलंडमधला बेन नेव्हिस घ्या, 1,345 मीटर उंच. 1895 साली विल्यम स्वान नावाच्या स्थानिक न्हाव्याने फोर्ट विल्यम गावातून धावत शिखर गाठलं आणि परत आला, 2 तास 41 मिनिटांत. पुढे तिथे रीतसर शर्यत सुरू झाली आणि 1984 साली केनी स्टुअर्ट नावाच्या माळीकाम करणाऱ्या माणसाने ती 1 तास 25 मिनिटं 34 सेकंदांत संपवली. त्याला चाळीस वर्षं उलटली, बुटांच्या किमती कुठल्या कुठे गेल्या, आणि विक्रम अजून त्या माळ्याच्याच नावावर आहे.